कावळा शिवला नाही तेव्हा

निमाचं पत्र येऊन दिवाळी उलटून गेली, तरी त्र्यंबकराव उत्तराच्या मायन्यापुढे सरकलेले नाहीत. भाची आता स्वतः आजी झाली आहे. तिनं एवढंच विचारलंय: मामा, आई दवाखान्यात होती तेव्हा मला शेजारी खेळायला धाडलंत. जाताना तिनं माझं नाव तरी काढलं होतं का? जन्मभर पुस्तकांत डोकं घातलेल्या माणसाला यावर एक ओळ सुचत नाही. खरं सांगावं तर पोरीला लागेल, असं ते स्वतःला समजावतात. दुपारी जेवून आरामखुर्चीत टेकतात, आणि डोळे मिटतात.

वाचनालयाच्या कपाटांमधून अक्का, निमाची आई, येते. तिचे पाय ओले आहेत. कपाटं संपतात तिथून कृष्णेचा घाट सुरू होतो. तिच्याच दहाव्याचा पिंड मांडलाय. कावळा शिवेना म्हणून मंडळी वचनं देताहेत. काका म्हणतात, पोरीला शिकवू. वडील म्हणतात, थाटात लग्न लावू. कावळे झाडावरून हलत नाहीत. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

"एवढे शहाणे जमला होतात," अक्का म्हणते, "एकालाही कळलं नाही?"

"काय हवं होतं तुला?"

"निमाला माझ्याकडे आणायचं होतं."

"लहान होती गं अक्का. घाबरली असती."

"घाबरली असती तर मी जवळ घेतलं असतं, त्र्यंबक."

घाटाची पायरी म्हणजे आता दवाखान्याची खाट आहे. अक्का दाराकडे डोळे लावून निमाला आणा म्हणते. मिसरूडही न फुटलेला त्र्यंबक सांगतो, ती झोपलीय. वडिलांनीच तसं सांगायला लावलंय.

"झोपली नव्हती ना रे?"

"नाही. शेजारच्या अंगणात लंगडी खेळत होती."

अक्का दारावरची नजर काढून त्याच्याकडे बघते. मग विचारते, "जिंकली का?"

त्र्यंबकरावांना जाग येते. धोतराचा काठ ओला आहे. पाण्याचा तांब्या कोपऱ्यात सरळ उभा आहे.

ते लिहायला बसतात. तिनं तुझंच नाव घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. तू झोपलीस असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं.

जाऊन येतो म्हणायला घरात कुणी नाही. ओला काठ पायाला चिकटत असतो. टपालपेटीशी बोटं क्षणभर अडतात. मग आत पाकीट पडल्याचा आवाज होतो.