पुरे म्हणणारी

माझ्या दादाच्या चित्रांत काय असतं हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही, आणि कळल्याचं सोंगही मी कधी आणलं नाही. पहिल्या प्रदर्शनात मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "यातलं वर कुठलं आणि खाली कुठलं?" तो म्हणाला, "खिळा ठोकशील तिकडे वर." लोक हसले. दादा मात्र गंभीर होता.

आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा एक जुनी पाटी खरवडताना तिच्याखालून आधीची पाटी निघाली, आणि तिच्याखालून त्याच्याही आधीची. तीन दुकानदारांचे रंग एकमेकांत मिसळलेले बघत हा दिवसभर तिथेच बसला. नवी पाटी राहिली बाजूला, दुकानदाराने शिव्या घातल्या, आणि दादाने अक्षरांशी कट्टी केली ती कायमची.

मग त्याने बटणांच्या बंद पडलेल्या कारखान्यात दोन मजले घेतले. खाली वहिनीचं शिवणकाम, वर याचे उद्योग. कॅनव्हास भिंतीला ठोकायचा आणि गवंड्याच्या थापीने त्यावर रंग चढवायचा. रंगात लाकडाचा भुसा, लोखंडाचा गंज, हाताला लागेल ते. वाळलं की दाढीच्या पात्याने खरवडायचं, पुन्हा चढवायचं. एकेका चित्राला तीस-तीस थर. अडचण एकच होती, थांबायचं कधी? माणसाचं चित्र असतं तर नाक-डोळे झाले की संपलं. याच्या चित्राला ना नाक ना डोळे. त्यामुळे चांगलं जमून आलेलं चित्र हा हावरटासारखा पुढे रंगवत जायचा आणि त्याची पार माती करायचा.

थांबायचं कधी ते वहिनी सांगायची. तिलाही चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. खालचं मशीन थांबायचं, लाकडी जिना करकरायचा. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून चौथ्या पायरीवर उभी राहून ती दम खायची आणि मग वर दारात यायची. कधी नुसतं बघून परत जायची. कधी मात्र ओठांत धरलेल्या टाचण्या न काढताच म्हणायची, "पुरे." दादा मागे न वळता "बरं" म्हणायचा आणि थापी खाली ठेवायचा. झालं चित्र. वर्तमानपत्रांनी त्याच्या संयमाचे किती गोडवे गायले! तो संयम खालून जिना चढून यायचा, हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

वहिनी आठ दिवसांच्या तापात गेली तेव्हा भिंतीवर एक चित्र अर्धं होतं. ते सहा वर्षं अर्धंच राहिलं. त्यावर बोटभर जाड थर साचला, वजनाने खिळे वाकले. प्रदर्शनवाल्या बाईंनी फोन करून करून शेवटी नाद सोडला. दादाच्या गालांची हाडं वर आली. मी डबा घेऊन जायची, तो कालचा डबा तसाच परत द्यायचा. सारखा दाराकडे पाठ करून उभा, कान जिन्याकडे. एकदा मला म्हणाला, "मशीन थांबलं का गं?"

मशीन सहा वर्षं थांबलेलंच होतं.

हा असाच त्या भिंतीसमोर उभ्या-उभ्या संपणार, हे मला दिसत होतं. आता माझ्याविषयी सांगते. टेलिफोन ऑफिसात मी सत्तावीस वर्षं ऑपरेटर होते. साहेबांपासून साहेबांच्या सासूपर्यंत कुणाचाही आवाज मी हुबेहूब काढायची. दादा मला 'टेलिफोन' म्हणूनच हाक मारायचा. एका दुपारी मी वहिनीच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या ओठांत धरल्या, एका दमात जिना चढले आणि दारातून म्हटलं, "पुरे."

थापी खाली ठेवल्याचा आवाज आला. "बरं," दादा म्हणाला.

मी खाली येऊन मशीनवर डोकं टेकून रडले. मेलेल्या माणसाचा आवाज चोरल्याची लाज वाटत होती. पण दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला, आणि मग मी कसली थांबते! तीन वर्षांत सात चित्रं झाली. बाई पुन्हा फोन करू लागल्या. दर वेळी टाचण्या, दर वेळी "पुरे", दर वेळी त्याची पाठ. तो एकदाही वळला नाही.

मग माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये घरी पडून होते. काठी टेकत गेले तेव्हा चित्र भिंतीवरून उतरवलेलं होतं आणि मागे सही होती. चित्र पुरं झाल्याशिवाय दादा सही करत नसे.

"संपलं हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तिने."

मी काठीवर भार टाकून जिन्याकडे बघितलं.

"तू नव्हतीस, टेलिफोन," तो हळूच म्हणाला. "तू जिना धावत चढतेस. पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं मी. एवढी चढून यायचीस, म्हणून थांबायचो. ही मात्र चौथ्या पायरीवर उभी राहिली."

"वळून बघितलंस?"

"कधी वळलोय का मी?"

त्यानंतर त्याने थापीला हात लावला नाही. जेवायचा, झोपायचा, माझी चेष्टा करायचा. चार महिन्यांनी गेला. ते चित्र आता माझ्या घरी आहे. खरं सांगते, मी असते तर आणखी आठवडाभर थांबले असते आणि त्याची माती झाली असती. चाळीस वर्षांत मला कळलेलं हे एकच चित्र, आणि त्याच्यासमोर मी एकटी बसत नाही.

परवा जागा रिकामी करायला गेले. माझा पाय काही नीट सांधला नाही, धावत चढायचे दिवस संपले. जिन्यात मध्येच कळ आली म्हणून कठडा धरून उभी राहिले आणि मोजलं तर चौथी पायरी. मग वर दारात पोचले. खोलीत काही नव्हतं, भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी. टाचण्या नव्हत्या, म्हणून पहिल्यांदाच माझ्या आवाजात म्हटलं, "पुरे रे, दादा."

आणि "बरं" येईल म्हणून दारातच ऐकत उभी राहिले.