आवाज कमी करा, बाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव 'कर्णेवाली' म्हणतं. आधी चिडवायला म्हणत, आता तेच नाव पडलंय.

लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा मूळचा माझ्या मोठ्या दिरांचा. पाठीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "विकून टाका ते सामान." जाऊबाई म्हणाल्या, "विकायचं कशाला? मी आहे ना." त्या खांबावर चढून कर्णा बांधायला लागल्या की खाली बघ्यांची ही गर्दी! मदतीला मात्र एकाचाही हात पुढे येत नसे. अजूनही फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "घरात कुणी पुरुषमाणूस आहे का?" जाऊबाई म्हणतात, "आहेत, झोपलेत. बोला."

त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. माहेरी आई आणि सासरी सासूबाई, दोघींनी त्यांना उभा जन्म एकच सांगितलं, आवाज कमी कर. आणि आता घर चालतंय ते आवाज वाढवण्यावर!

त्या दिवशी नगरभवनात सोहळा होता. बायकांना मताचा हक्क मिळाला त्याचा वर्धापनदिन. साउंड जाऊबाईंचा, आणि वायरी गुंडाळायला मी. व्यासपीठावर ओळीने पुरुष बसलेले, नगराध्यक्ष मधोमध. टोकाच्या खुर्चीवर एकच बाई, आमच्या महिला वाचनालयाच्या ग्रंथपाल. त्या सत्कारमूर्ती होत्या.

हे वाचनालय त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पहिल्यांदा मत देऊन आलेल्या बायकांनी ते उभं केलं, कपाटंसुद्धा स्वतः वाहून आणली. घरात अभ्यासाला कोपरा न मिळालेल्या कितीतरी मुली तिथे बसून डॉक्टर झाल्या, वकील झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कुलूप लागणार होतं. का, तर नगरपालिकेच्या सदस्यांच्या गाड्या लावायला जागा हवी! सत्कार कसला, ग्रंथपालबाईंच्या तोंडात कोंबलेला बोळा होता तो.

भाषणं सुरू झाली. स्त्री म्हणजे शक्ती, स्त्री म्हणजे माया. एका महाशयांनी तर आईच्या हातच्या स्वयंपाकाचं कौतुक करूनच भाषण संपवलं. मताचा आणि चवीचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वाचनालयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शाल झाली, गुच्छ झाला, टाळ्या झाल्या. ग्रंथपालबाई खुर्चीकडे न जाता सरळ माइकपाशी गेल्या. निवेदक पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, सत्कारमूर्तींचं भाषण कार्यक्रमात नाही."

"मूर्ती म्हटल्यावर बोलायचं नसतंच," जाऊबाई पुटपुटल्या, आणि त्यांनी माइकचा आवाज वाढवला.

"ही शाल तुमची तुम्ही परत घ्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मला माझी खोली राहू द्या. उद्या तिथे कुलूप..."

एवढ्यात नगराध्यक्ष व्यासपीठावरून उतरून आमच्या टेबलापाशी आले आणि वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आवाज कमी करा."

"कुणाचा?" जाऊबाईंनी विचारलं. टेबलावरचा टेस्टिंगचा माइक त्यांच्या हातात होता.

"त्या बाईचा. बंदच करा."

बटण चालू होतं. सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून आणि बाहेर रस्त्यावर लावलेल्या कर्ण्यांतून नगराध्यक्षांचा आवाज घुमला: "त्या बाईचा. बंदच करा."

नगराध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, गंमत केली." कुणी हसलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "साहेब, मला आवाज द्यायचे पैसे मिळतात. बंद करायचे नाहीत."

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. कसली लाज! संध्याकाळी निरोप आला, नगरभवनाचं काम यापुढे कर्णेवालीला नाही. आणि कुलूप ठरल्याप्रमाणे सकाळीच लागणार. दीर अंथरुणातून म्हणाले, "जरा नमतं घेतलं असतंस तर?"

"आजवर घेतलंच की," जाऊबाई म्हणाल्या. "काय मिळालं?" आणि त्या फोन घेऊन बसल्या. गावात ज्यांच्या ज्यांच्या घरी त्यांचा कर्णा वाजला होता, त्या घरच्या बायकांना त्यांनी एकेक करून फोन लावले.

सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा दाराशी रांग होती. दवाखान्यातल्या नर्सबाई गणवेशातच आल्या होत्या. भाजीवाली आली, शिंपीणबाई आली, बँकेतली कॅशियर आली. वाचता न येणाऱ्याही आल्या आणि चित्रांची पुस्तकं उघडून बसल्या. खुर्च्या संपल्यावर बायकांनी जमिनीवर बैठक मारली. मी दाराजवळची खुर्ची धरली.

नगरपालिकेचा शिपाई कुलूप घेऊन आला, दारात घुटमळला. तो तरी बिचारा काय करणार, हुकमाचा ताबेदार. शेवटी मलाच म्हणाला, "ताई, केव्हा उठणार?"

"वाचून झालं की."

माझ्या मांडीवर शब्दकोश होता आणि मी अजून 'अ'वरच होते.