राक्षसाचे बैल काय खातात?

मंगरूळपीरला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी बसते आणि उरलेल्या वेळात मांगा काढते. मांगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते, म्हणजे आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून सुरुवात. माझी कथा भयंकर होती. हजार वर्षांचा काळोख, कवट्यांचा किल्ला, आठ शिंगांचा राक्षसराजा आणि तिसऱ्याच पानावर नायकाचं अख्खं गाव कापून काढलेलं. काढता काढता मीच घाबरायचे, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पहिला भाग इंटरनेटवर टाकला तेव्हा एका अनोळखी वाचकानं दोन ओळी लिहिल्या. "यातलं जग कच्चं आहे. सूरही एकसारखा नाही, नको तिथे हसू येतं." माझा पारा चढला. कोण कुठला टिकोजीराव, स्वतः एक रेघ मारलेली नाही आणि निघाला शिकवायला! पण ते वाक्य जेवताना आठवायचं, बसमध्ये आठवायचं, लोकांचे उत्पन्नाचे दाखले भरताना आठवायचं. शेवटी ठरवलं, मत घ्यायचं तर घरातलं. भाग दुकानातच छापला आणि संध्याकाळी आसेगावला घरी येऊन बाबांच्या हातात ठेवला.

बाबा शेतकरी. वाटेत साप आडवा आला तर "सरक बापा, काम हाय" म्हणून थांबून राहणारे. हा माणूस घाबरला की जग घाबरेल, असा माझा हिशेब होता. मला बाकी काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, माझं चित्र बघून घाबरावं.

बाबांनी आपल्या सवयीनं पुस्तक डावीकडून उघडलं. शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मस्त हाय. सुरुवातीले सारे मरून पडेल. मंग तुह्या राजानं एकेकाच्या पोटातली तलवार काढली, त्याइले उभं केलं, अन् सारे आपापल्या घरी जाऊन जेवाले बसले. देवमानूस हाय थो."

मी कपाळावर हात मारला. त्यांना बाजू समजावून सांगितली. मग त्यांनी उजवीकडून वाचलं, आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

"हजार वर्स सूर्य नाई म्हनतं, मंग तुरीले फूल कसं येते?"

"बाबा, थे खोटं राज्य हाय."

"राज्य खोटं असो. पन लोकं जेवते तं खरंच ना?"

मी काळोखात फुलणारी काळी तूर काढली. मग किल्ल्याला पाणी कुठून येतं, असं बाबांनी विचारलं, म्हणून कवट्यांच्या बाजूला विहीर काढली. विहिरीवर मोटर नाही म्हणाले, मोटर काढली. नायक गाव कापलं गेल्याबरोबर तलवार घेऊन सूड घ्यायला निघाला, तर बाबा म्हणाले, "घरचे सारे गेले अन् हा पोट्टा तेरवी न करताच निंगाला?" झालं. पुढची चार पानं तेरवीच्या पंगतीत गेली. आईनं भाजीच्या टोपल्यावरून मान वाकडी करून पाहिलं आणि सांगितलं, "वरन पात्तय दिसते. घट कर." मी वरणाच्या रेघा जाड केल्या.

हा भाग टाकल्यावर त्याच अनोळखी वाचकानं लिहिलं, "जग आता पक्कं झालं आहे. पण भीती कुठे गेली? राक्षसाला पाहून भूक लागते." त्याचं खरं होतं आणि म्हणूनच मला तो आणखी आवडेनासा झाला.

शेवटच्या भागात राक्षसराजाचा रथ दोन काळे बैल ओढतात आणि अमावास्येला लढाईला निघतात. कच्ची चित्रं पाहूनच बाबांनी पान खाली ठेवलं.

"अमावस्येले बैल जुपत नाई."

"राक्षस हाय थो, बाबा!"

"मंग त्यानं बैल कायले पोसले? बैल पोसनाऱ्याले कायदा हाय. अन् तुहे बैल खातेत काय, थे तं कुठीच काढलं नाई."

त्या दिवशी मी खरंच चिडले. ठीक आहे म्हटलं, कायदा पाहिजे ना, घ्या कायदा. दार लावून बसले आणि तो भाग पुन्हा काढला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा आमच्या जोडीच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या राक्षसराजानंही तसंच केलं. आठ शिंगं सांभाळत वाकला, आवतन दिलं, खांदे चोळले. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या अमावास्येला, कायदा मोडून त्यानं तेच बैल रथाला जुपले. लढाईत दोन्ही बैल पडले. शेवटच्या चित्रात रिकामा गोठा, दोन सुटलेल्या वेसणी आणि दोन ताटांत तशाच राहिलेल्या पुरणपोळ्या.

छापील प्रत बाबांना दिली ती नेमकी पोळ्याच्या दुपारी. जोडी धुऊन, शिंगं रंगवून गोठ्यात उभी होती. आई पुरणपोळ्या लाटत होती. बाबा ओट्यावर बसून उजवीकडून वाचत होते आणि मी दाराआडून त्यांचा चेहरा वाचत होते. शेवटचं पान आलं. बाबांनी पुस्तक उपडं ठेवलं, उठले, चुलीजवळच्या परातीतून दोन पुरणपोळ्या उचलल्या आणि गोठ्याकडे चालू लागले.

आई ओरडली, "अवो, पोळा फुटाचा हाय अजून! पूजा नाई, निवद नाई, काहून नेऊन राह्यले?"

आमच्याकडे तोरणाखाली पोळा फुटतो, बैल घरी येतात, त्यांची पूजा होते आणि मगच त्यांना पुरणपोळी मिळते. मला कळायला लागल्यापासून बाबांनी हा क्रम एकदाही मोडलेला नव्हता. मागोमाग जाऊन पाहिलं तर ते दोघांनाही एकाच वेळी भरवत होते, एका हातानं याला, दुसऱ्या हातानं त्याला, आणि सारखे म्हणत होते, "खा बापा, खा. कुठी जाचं नाई."

मला हवं होतं ते मिळालं होतं. बाबा घाबरले होते. दुकानात पेढे वाटावेत इतका आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू आलं. वाटलं, धावत जाऊन ते पान फाडून टाकावं.

बाबा परत आले. हात धोतराला पुसले, माझ्याकडे न बघता पुस्तक उचललं आणि या खेपेला डावीकडून उघडलं. बोट ठेवून ठेवून वाचत गेले. ताटं रिकाम्या गोठ्यात वाट बघत होती. रणात पडलेले बैल उठले, उलटे चालत घरी आले, जुवाखालून सुटले. राक्षसराजानं त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं. मग तो वाकला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

"आता बराबर हाय," बाबा म्हणाले आणि जोडी सोडायला गेले.

मी तो भाग एक रेघही न बदलता इंटरनेटवर टाकला. फक्त पहिल्या पानावर बारीक अक्षरात सूचना लिहिली: ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत, त्यांनी डावीकडून वाचावे.