सगळ्यांच्या माना पाहणारे काका

भास्करकाका गेल्याची बातमी मला मोताळ्याच्या बाजारात कळली. डोणगावहून, माझ्या माहेरहून आलेल्या भावानं नुसतं "काका गेले" म्हटलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. गाठींच्या कर्करोगानं त्यांना वर्षभर पोखरलं होतं. तरी गावाला औषध देणारा माणूसही मरतो, हे पटेना...

मी लहान असताना आमच्या आळीच्या विहिरीच्या पाण्यानं विषमज्वराची साथ आली. मीही त्यातून वाचले. काका तेव्हा नागपूरला शिकत होते. डॉक्टर होऊन ते परतले, तोवर साथीतून उठलेले दोघं जण याच कर्करोगानं गेले होते आणि गावानं निकाल देऊन टाकला होता: तापाचं जहर अंगात मुरतं आणि पुढं गाठ होऊन निघतं. आमच्या आळीत जो तो मान चाचपत बसे, आणि चाचपली की मटकीएवढी गाठ सापडेच! काका मात्र ताप न आलेल्यांच्याही माना पाहू लागले. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, रामराम करायच्या आधी दोन बोटं कानाखाली. लोक हसायचे. "ज्याले भेव, तोच चाचपते," ते म्हणत, "बाकीच्याइच्या गाठी मंग कोण पाह्यन?"

माझं लग्नही याच भीतीपायी अडलं होतं. पाहायला आलेल्या, पुढं माझ्या सासूबाई झालेल्या बाईंनी चहा घेता घेता विचारलं, "पोरीले तो ताप आलता म्हणतात. उद्या गाठ निघाली तं?" बाबांचा चेहरा उतरला. काकांनी परवानगी मागून बाईंचीच मान पाहिली.

"तुमाले आलता का ताप?"

"नाई बा."

"मंग ही गाठ कोठून आली?"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. काकांनी लगेच सांगितलं, किडक्या दाढेपायी आहे, भिऊ नका. बाबांना वाटलं, आता ते ठामपणे म्हणतील की तापाचा काही संबंध नाही. पण ते म्हणाले, "संबंध हाये का नाई, मले माहीत नाई. पण माहीत नसलेल्या गोष्टीची शिक्षा पोरीले काऊन?"

मला असा राग आला! माझ्यासाठी एवढं खोटं बोलता येत नव्हतं? पण होकार आला. सासूबाई पुढं म्हणाल्या, "त्यायनं खोटं सांगतलं असतं, तं मी नाईच म्हटलं असतं."

शेवटच्या भेटीत काकांचा आवाज बसला होता. "मी गेलो का लोकं म्हणतीन, त्याच तापानं नेलं. सांगजो, मले ताप आलाच नोता..." मग म्हणाले, "अन् हेबी सांगजो, एकट्या माह्यावरून काही सिद्ध होत नाई."

दुखवट्याला बायकांनी तेच विचारलं. पहिलं वाक्य माझ्या सोयीचं होतं, ते पटकन सांगितलं. दुसरं जड गेलं, पण तेही सांगितलं. स्वतःच्या मरणाचीही साक्ष फिरवू न देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सासूबाई माझ्या मुलीची वेणी घालताना तिच्या कानाखाली दोन बोटं फिरवायच्या. तिच्याच, कारण ती माझी, ताप येऊन गेलेल्या आईची मुलगी. त्या बातमीनंतर मात्र त्या दोन्ही नातवांना, शेजारच्या पोरांना, सगळ्यांना जवळ बोलावतात. शेवटी स्वतःची मान पाहतात.