मागत फिरणारे मामाजी

आमच्या मोहल्ल्यात असं एकही घर नाही, ज्यातली एखादी तरी वस्तू माझ्या वहिनीच्या मामांनी मागून नेलेली नाही. कुणाची चाळणी, कुणाचा हातोडा, कुणाची छत्री, तर कुणाच्या बाळंतिणीची शेगडी. आमचं अख्खं बालाघाट शहर पालथं घातलं तरी इतक्या बिनधास्तपणे आणि इतक्या नेमाने मागत फिरणारा दुसरा पेन्शनर सापडायचा नाही. वहिनीचे मामा म्हणून आमच्या घरात ते मामाजी, आणि आमच्या घरात मामाजी म्हणून सगळ्या मोहल्ल्यात मामाजी. बैहरकडच्या जंगलात एका लाकूड-डेपोवर त्यांची सगळी नोकरी गेली. सागवानाच्या ओंडक्यावर काठी ठोकून तो आतून पोकळ आहे की भरीव, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर ओंडके सुटले, ठोकायची सवय सुटली नाही. मग ते लोकांची दारं ठोकू लागले.

मामाजींकडे सायकल आहे, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते सायकल हातात धरून तिच्या बाजूने चालतात. कारण विचारलं तर म्हणतात, "सायकलवर बसलं का घरं लवकर सरतेत." एकदा गोंदियाहून आलेल्या पाहुण्यांना हट्ट्याची बावडी, म्हणजे तिथली जुनी पायऱ्यांची विहीर, दाखवायची म्हणून ते सकाळीच निघाले. बसस्टँड जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे, पण वाटेत त्यांनी चौदा घरी थांबून चौदा वस्तू मागितल्या, आणि बसस्टँडवर पोचले तेव्हा सायकलच्या हँडलला दोन बादल्या, एक सूप आणि एक शिकवणीची पाटी लटकलेली होती. पाहुणे बावडी न पाहताच परतीच्या गाडीत बसले. मागायला गेलं की मामाजी उंबऱ्यावरच बसतात, पाणी मागतात आणि चहा कधीही घेत नाहीत. "चहा पेला का आपण पाहुणे होतो. पाहुण्याले मागता नाही येत." वस्तू तिसऱ्या दिवशी हमखास परत येते, आणि भांडं रिकामं कधीच येत नाही. त्यात चिंचा असतात, शेवग्याचा पाला असतो, वाळवलेली मोहफुलं असतात. आमच्या आईची चाळणी एकदा जिवंत कोंबडीचं पिल्लू घेऊन परतली. तो कोंबडा आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर झोपतो आणि मी लिहायला बसले की आरवतो.

या सगळ्या विक्षिप्तपणामागचं कारण मला कधी कळलंही नसतं, पण मामाजी आमच्या मोहल्ल्याच्या मदत मंडळात होते आणि मी त्या मंडळाची सचिव झाले. दरवर्षी दिवाळी झाली की हे मंडळ हिवाळ्याचं नियोजन करतं. कुणाकडे धान्य द्यायचं, कुणाला ब्लँकेट, कुणाच्या पोरीची वह्या-पुस्तकं, कुणाच्या सोबत इस्पितळात जायला माणूस. बैठक रविवारी दुपारी विहाराच्या ओसरीवर. निम्मे सभासद खेड्यांतून शहरात आलेले शेतकरी घरांतले, निम्मे आमची बौद्ध मंडळी. एरवी एकमेकांच्या लग्नात आहेर देऊन न जेवता परतणारी ही माणसं तिथे एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात, म्हणून मला मंडळ आवडायचं. ज्या पद्धतीने मंडळ चालायचं, ती मात्र मुळीच आवडायची नाही. माझे वडील सभांच्या दारात उभे राहून पत्रकं वाटत. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. मदत हा उपकार नाही, हक्क आहे, हे मला मुळाक्षरांच्या सोबतच पाठ झालेलं. आणि इथे पाहावं तर हक्काचा निवाडा कसा होत होता? मामाजी एक पिशवी घेऊन येत आणि तिच्यातल्या वस्तू सतरंजीवर एका ओळीत मांडत. भोक पडलेली चाळणी. उसवलेलं दप्तर. नळी तुटलेला स्टोव्ह. "हे पाहा अर्ज," ते म्हणत, आणि अध्यक्ष असलेले आमचे गुरुजी चष्मा कपाळावर चढवून त्या स्टोव्हकडे असे पाहत, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं आहे.

मी सचिव झाल्याबरोबर तीन सुधारणा केल्या. पहिली, एकवीस प्रश्नांचा छापील फॉर्म. दुसरी, किराणा दुकानापाशी एक पेटी, जिच्यात कुणीही गरजू घराचं नाव लिहून टाकावं. तिसरी, ज्याचं नाव यादीसाठी येईल त्याने यादी करणाऱ्यांत बसायचं नाही. हा तिसरा नियम लिहिताना माझी छाती भरून आली होती. मामाजी शांतपणे ऐकत होते. मी त्यांना विचारलं, "ज्या गल्लीत तुम्ही मागायला जातच नाही, तिथल्या लोकांचं काय?" त्यांनी फक्त गल्लीचं नाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या तीन घरांतून खलबत्ता, इस्त्री आणि पाळणा नेल्याची बातमी आली.

त्यांना नेमकं दिसतं तरी काय, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. म्हणून एक दिवस मी वही घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले. पहिलं घर वंदनाताईंचं. वंदनाताई ब्लाउज शिवतात, नवरा तिरोडीच्या खाणीवर कामाला होता, तो गेल्यापासून घर शिलाई मशीनवर चालतं. माझ्या फॉर्मवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं, "कशाचीही कमतरता नाही."

"वंदे, एक कढई दे वं," मामाजी उंबऱ्यावर बसत म्हणाले. "पाहुणे येऊन राह्यले."

"काय जी मामाजी, मागच्या हप्त्यात तवा नेलता, आता कढई!"

"तवा देल्ला न वापस?"

"देल्ला. चिंचा भरून देल्ला. मले काय चिंचा शिवायच्या हायेत?"

कढई मिळाली. गल्लीच्या वळणावर मामाजी थांबले, आतून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटाला धूळ होती. "दिवाळी होऊन आठ दिवस झाले, सचिवबाई. या कढईले तेल नाही लागलं."

मी वैतागून म्हटलं, "मग फॉर्मवर खोटं का लिहिलं त्यांनी?"

"फारमात माणूस खोटं नाही बोलत. लाजते."

"आणि पाहुणे येऊन राह्यले, हे तुम्ही सांगितलं ते?"

"ते खोटं होय," मामाजी सायकल पुढे ढकलत म्हणाले. "तेवढं चालते."

पुढच्या बैठकीत वंदनाताईंच्या नावापुढे तेल आणि डाळ लागली, आणि मी वहीत लिहून ठेवलं की ही पद्धत अशास्त्रीय असली तरी तिचा अभ्यास व्हायला हवा. अभ्यास राहून गेला, कारण त्याच्या पुढच्याच रविवारी मी पेटी उघडली.

सगळा कारभार उघड व्हावा म्हणून मी बैठकीला साऱ्या मोहल्ल्याला बोलावलं होतं आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या ठरवल्या होत्या. तेरा चिठ्ठ्या निघाल्या. पहिली होती, "मामाजी. घरात कढई नाही." दुसरी, "मामाजीले तवा, चाळणी, सुई-दोरा, काहीच नाही. पेन्शन बंद झाली वाटते." तिसरी हिंदीत, "मामाजी को कंबल दिया जाए. शर्म के मारे बोलते नहीं हैं." चौथी, "मामाजीले भांड्याचा पुरा सेट द्यावा. हातोडा बी द्यावा." ओसरी हसून लोटपोट झाली. गुरुजींचा चष्मा कपाळावरून घसरून मांडीत पडला. सगळ्यांत मोठ्याने मामाजी हसत होते, पण सहाव्या-सातव्या चिठ्ठीपासून ते हसायचे थांबले. तेरापैकी नऊ चिठ्ठ्या त्यांच्या नावाच्या होत्या.

"हसून काय राह्यले सारे?" मागून वंदनाताई कडाडल्या. "माणूस काहून मागते? घरी नाही म्हणूनच मागते न!"

गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते हळूच म्हणाले, "नियमाप्रमाणे नाव आलं म्हणजे चौकशी होईल. तोवर मामाजींना यादी करणाऱ्यांत बसता येणार नाही. आणि नाव पक्कं झालं, तर मग कायमचंच." सगळी ओसरी माझ्याकडे पाहू लागली. नियम माझा होता, त्याखाली सही माझी होती. मी होकारार्थी मान हलवली.

मामाजी उठले, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाले. बाहेर सायकलीपाशी गेले आणि पहिल्यांदाच तिच्यावर बसून निघून गेले.

त्यानंतर दोन आठवडे मोहल्ल्यात कुणाचंही दार वाजलं नाही. नेलेल्या सगळ्या वस्तू ज्याच्या त्याच्या दारात आल्या, पण सकाळी कुणी उठायच्या आत, ठेवणारा न दिसता. थंडी वाढत चालली होती आणि यादी अडली होती. माझ्याकडे भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा होता आणि प्रत्येक फॉर्म सांगत होता की आमच्या मोहल्ल्यात कुणालाही काहीही कमी नाही. मामाजींचं नाव कापलं तर नऊ घरांचा शब्द मोडत होता, ठेवलं तर मामाजी मंडळातून कायमचे जात होते. शेवटी एका दुपारी फॉर्म घेऊन मी रेल्वे लाइनपलीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांत चौकशीला गेले.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. खुंट्यांवर तीन कढया लटकत होत्या, तिन्ही लखलखीत. चार चाळण्या, दोन तवे, फळीवर थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डब्यांची रांग. मिठाची बरणी तर झाकण बसणार नाही इतकी भरलेली.

"मामाजी! एवढं सगळं घरात असताना?"

"तुया मामीचं हाय ते." ते जमिनीवर बसले. "विचार तुले काय विचारायचं ते."

मी वाचू लागले. प्रश्न एक. नाव. प्रश्न दोन. पत्ता. प्रश्न तीन. घरात राहणारी एकूण माणसं?

मामाजी खुंट्यांकडे पाहत राहिले. मी पेन धरून बसले होते. ते म्हणाले, "एक लिही." मग, "मामीले जाऊन तीन वर्षं झाले. पण असं कोणी विचारलंच नव्हतं, मी बी मोजलं नव्हतं."

पुढचे प्रश्न मी भराभर उरकले. शेवटचा प्रश्न होता, "कुटुंबाला कशाची गरज आहे?" त्याच्यावर त्यांनी माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला. "ठेवून जा. पाहून सांगतो."

रविवारी तो फॉर्म पेटीत निघाला. एकविसाव्या प्रश्नापुढे वाकड्या अक्षरात एकच शब्द होता, "मीठ."

मला रागच आला. "हे साफ खोटं आहे," मी ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले. "यांच्या घरची मिठाची बरणी मी या डोळ्यांनी पाहिली. काठोकाठ भरलेली आहे." मामाजी पायरीपाशी, सतरंजीच्या बाहेर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

वंदनाताईंनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "सचिवबाई, तुमी शिकल्या खूप. मीठ कोणी पोतंभर मागते का? मीठ चिमूटभर मागतेत. आज सरलं का उद्या पुन्हा द्या लागते. आन् मीठ हातावर देत नाहीत, भांडण होते म्हणतेत. घरात जाऊन खाली ठेवा लागते."

गुरुजींनी घसा खाकरला. "म्हणजे नाव यादीत घ्यायचं. पण मग यादीवाल्याला मंडळात..."

"मंग मी बी तुमचं तेल घेते न!" वंदनाताई सतरंजीच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. "मले काय अक्कल नाही? कोणाच्या घरी काय सरलं ते मले नाही समजत? आमच्या चुलीचं तुमी ठरवान, आन् आमी पायरीवर बसाव?"

माझ्या वडिलांच्या एकूण एक पत्रकात हेच तर लिहिलेलं असायचं, आणि ते मला ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडून नव्याने ऐकावं लागत होतं. मी नियमांचा कागद काढला, तिसरा नियम आडव्या रेघेने खोडला आणि रेघेपाशी सही केली. सतरंजीवर सगळे सरकून बसले. त्या जागेत वंदनाताई बसल्या आणि त्यांच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन, मामाजी. त्या हिवाळ्याची यादी त्याच दुपारी पुरी झाली. बहुतेक नावं त्या दोघांनीच सांगितली, निम्म्या घरांवरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मी ऐकलं तसं लिहीत गेले.

यादीत मामाजींच्या नावापुढे मीठ आहे, आणि मिठापुढे सात वारांना सात घरं. गुरुवार माझा. हातावर मीठ दिल्याने भांडण होतं यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि अशा समजुतींवर मी दोन लेख लिहिलेले आहेत. तरी दर गुरुवारी दिवेलागणीच्या आधी मी कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ बांधते, लाइन ओलांडून जाते आणि आत शिरून पुडी जमिनीवर ठेवते. मामाजी ती उचलून डब्यात रिकामी करतात. बरणी तर आधीच काठोकाठ होती, मग एक डबा भरला, आता दुसरा भरत आला आहे. पुरे, असं ते अजून म्हणालेले नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही.