नरसिंगच्या झोपाळू महालक्ष्म्या

आमच्या कनेरगाव नाक्यावरचा नरसिंग बाहुल्या करतो. कागदाच्या लगद्याचं तोंड, चिंध्यांचं अंग, अन् डोळे असे की बाहुली आडवी केली की मिटतात, उभी केली की उघडतात. जत्रेत लेकरं त्याच्या दुकानापुढून हलत न्हाईत. पण मोठी माणसं त्याला "ए खेळण्यावाला" म्हणूनच हाक मारत, अन् ते त्याला लई लागायचं.

मागच्या साली महालक्ष्म्यांच्या तोंडावर शेजारच्या नर्मदाबाईचे मुखवटे मांजरीनं फळीवरून पाडले. पार चुरा झाला. बाजारातले तिच्या मनास येईनात. मी म्हणलं, "नरसिंगला सांग की."

"अवं काकू, देवाचं काम हाय, भातुकली न्हाई!" ती म्हणाली.

शेवटी त्यालाच सांगावं लागलं. नरसिंगानं उपास धरून रंग दिला, हलक्या हातानं नथा घातल्या. मला म्हणाला, "आता बघा काकू, मला खेळण्यावाला कोण म्हणतंय ते."

महालक्ष्म्या बसायच्या सांजेला त्याच्या घरून मुखवटे सुपात ठेवून, वर खण झाकून आणले. मी ताट वाजवत होते. नर्मदाबाईनं उंबऱ्यातून विचारलं, "महालक्ष्म्या कशाच्या पावलानं आल्या?"

"हळदीकुंकवाच्या पावलानं," म्हणत तिच्या सुनेनं, मंजुषानं, खण काढला अन् थबकलीच. "आत्याबाई, ह्या तर झोपल्या!"

खरंच की. दोघींचे डोळे गच्च मिटलेले. सवयीच्या हातानं नरसिंगानं बाहुलीचेच डोळे बसवले होते. सुपामागून आलेला तो ओसरीच्या कडेलाच उभा राहिला.

पलीकडची मिराबाई फणकारली, "खेळण्यावाल्याकडून देव आणा अजून!"

"मी नेतो परत," नरसिंग कसाबसा बोलला. "दुसरे डोळे बसवून आणतो."

नर्मदाबाई सुपावर वाकली. मग म्हणाली, "काहून नेतो? लेकी माहेरी येऊन राहिल्या. वरीसभर सासरी राबल्या, वाटंत डोळा लागला त्यांचा. त्यात चुकलं काय?"

तिनं थोरलीचा मुखवटा सुपातून उचलून उभा धरला. डोळे टक्क उघडले, ते नेमके मिराबाईवर. मिराबाईनं सगळ्यांच्या आधी हात जोडले. आमी बाया पदर तोंडाला लावून हसलो, हसू काही आवरंना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मिराबाई वाढायला होती. नरसिंगाच्या ताटात दोन पुरणपोळ्या टाकून, वर तुपाची धार धरून म्हणाली, "नरसिंगराव, पुढच्या साली आमच्या पण करून द्या. डोळे असेच पायजेत, बरं का."

"नरसिंगराव" ऐकून त्याला असा ठसका लागला, की मलाच पाणी घेऊन धावावं लागलं.