चौतीस पौंडांचं धनुष्य आणि अश्विनीचा खांदा

तिसरा बाण टार्गेट सोडून शेडच्या पत्र्यावर धाडकन आदळला, तेव्हा मी शिट्टी वाजवली.

"अश्विनी, धनुष्य खाली ठेव. उजवा हात वर कर."

हात खांद्याइतका वर आला आणि थांबला.

"अजून वर."

"न्हाई जात, सर."

दोन महिने ही मुलगी याच हातानं माझ्यासमोर दोरी ओढत होती. निवड चाचणी एका महिन्यावर होती.

मी माजलगावजवळच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.पी.एड., फर्स्ट क्लास. हे मुद्दाम सांगतो, कारण ही चूक अडाणी माणसाची नव्हती.

अश्विनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. आईबापाबरोबर दोन हंगाम ऊस तोडून आलेली. विभागाच्या संघात निवड झाली तर तिचं हॉस्टेल चालू राहणार होतं. नाही झाली तर दिवाळीनंतर पुन्हा उसाचा फड.

धनुष्य संस्थेच्या अध्यक्षांनी दिलेलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य. सत्तर इंच लांब, चौतीस पौंड. पौंड म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत ओढायला लागणारा जोर. नवशिक्या मुलीला एवढा जोर जास्तच. पण आप्पा म्हणाले, "उसतोडीच्या घरची पोरगी हाय सर, तिला काय जड?" आणि मलाही ते पटलं. ती झटका देऊन दोरी ओढायची, तेव्हा मी बाकीच्यांना सांगायचो, "ताकद बघा!"

ती ताकद नव्हती. खांदा चालत नव्हता म्हणून ती सगळं अंग फेकत होती. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना तो आधीच निकामी होत आला होता.

मी तिचा डावा तळहात उघडायला लावला. दुसरा धक्का. फोड फुटून सालपटं निघालेली. धनुष्याची मूठ पुरुषाच्या पंजाची, आणि ती आवळून धरायची.

"अगं, मूठ आवळायची नसते. अंगठ्याच्या बेचक्यात नुसती टेकवायची."

"ऊस ढिला धरला तर कोयता पायावर येतो, सर."

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं.

बीडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जड ओढलं तर खांदा कायमचा जाईल. आठ दिवस आराम. मग हलकं, तेही थोडं थोडं." स्टोअरमध्ये एक जुनं धनुष्य पडलं होतं, बासष्ट इंच, वीस पौंड. अश्विनीचे हात आखूड, तिला हीच लांबी बरोबर. त्याची लाकडी मूठ मी पॉलिश पेपरनं घासून तिच्या तळव्याला बसेल अशी केली. धनुष्य सुटायची भीती जावी म्हणून तिच्या अंगठ्यापासून पहिल्या बोटापर्यंत बुटाची नाडी बांधली.

आप्पांनी ते पाहिलं. "लेकराचं खेळणं घेऊन जाता का चाचणीला? लोक हसतील."

"हसू द्या आप्पा. टार्गेट तीस मीटरवरच तर हाय. वीस पौंडात बाण पोचतो."

"अन् न्हाई पोचला तर?"

"तर लोकांना माझं नाव सांगा."

बोलून गेलो, आणि रोज सकाळी मैदानावर तिला मोजून बाण द्यायला लागलो. सांगितले तेवढेच बाण मारून ती थांबायची आणि मग नुसती टार्गेटकडं बघत बसायची.

चाचणीला लोक हसलेच. एकजण म्हणाला, "सर, गलोल पण आणली का?" अश्विनीनं मान वर केली नाही. पहिले सहा बाण खाली गेले. मी धनुष्यावरची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवायला सांगितली, तसे बाण वर चढत मधल्या पिवळ्या वर्तुळाकडं सरकू लागले. शेवटी ती चौथी आली. चारच घेणार होते.

हॉस्टेल राहिलं. खांदा अजून पूर्ण बरा नाही.

नंतर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं सहज सांगितलं, की आल्या दिवसापासून अश्विनीची वेणी तीच घालत होती; अश्विनीचा हात डोक्यामागं जातच नव्हता. हॉस्टेलमधल्या सगळ्या मुलींना हे माहीत होतं. आणि मी दर सोमवारी विचारायचो, "दुखतं का?" आमच्याकडं या प्रश्नाला एकच उत्तर असतं, "न्हाई."

आता मी तो प्रश्न विचारत नाही. धनुष्य द्यायच्या आधी विचारतो, "वेणी कोण घालतं?"